रोवणीचे मजूर आणि पेंचचं पाणी, दोन्ही एकाच बाजूने येतात

जुलैत नागपूर जिल्ह्यात रामटेक-मौद्याकडे गेलात तर सकाळी सहालाच पिकअप दिसतात, मागे वीसेक बाया, प्रत्येकीकडे डब्बा आणि डोक्यावर घ्यायची मेणकापडाची घोंगडी. शिवनी, बालाघाटकडच्या टोळ्या. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी करायला येतात, हुंड्याने, म्हणजे एकराचा भाव ठरवून, आणि आपल्याकडे लोक म्हणतात "एमपीचे मजूर" जसं काही परदेशातून आलेत. अरे पण १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी शिवनी, छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरच होती! सीमा नंतर आली, येणंजाणं त्याच्या आधीचं.

पाण्याचंही तसंच. आधी इथं मालगुजारी तलावांवर, म्हणजे गावच्या मालगुजाराच्या, जमीनदाराच्या तलावांवर धान व्हायचा, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, गाव मिळून पाळ, म्हणजे बांध राखायचं. १८९६ ते १९०० च्या दुष्काळांनी प्रांत पार खचला तेव्हा इंग्रजांना सिंचनाची आठवण झाली, त्याच काळातलं रामटेकचं खिंडसी धरण, १९१३ चं. १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि सरकारचं झालं म्हणजे गाळ कोण काढणार बाप्पा.

मग पेंच नदी, मध्य प्रदेशातून येणारी. १९६४ ला दोन राज्यांचा करार झाला, वर तोतलाडोह धरण, खाली नवेगाव खैरीचं, तिथून नहरा म्हणजे कालवे निघाले. वीज दोन्ही राज्यांची मिळून, दोन हिस्से मध्य प्रदेशचे एक आपला. नहर आल्यावर धान वाढला, पण एक घोळ झाला, पाणी सुटलं की सगळ्यांच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, एकाच वेळी चिखलणीला येतात. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून झाले की ते वाट बघत नाहीत, जुने झाले की फुटवे कमी. आणि गावातली पोरं कंपनीत, खदानीत, नाहीतर नागपूरला. मग त्या पंधरा दिवसांसाठी टोळी लागतेच.

त्यात पेंचवर नागपूर शहर आणि कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रंही आहेत, आणि वर मध्य प्रदेशने चौराईला धरण बांधलं. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह आटलं, शहरातसुद्धा पाणीकपात झाली, मग शेतीला कोण विचारतो. पुढे सप्टेंबरात तेच धरण भरून दरवाजे उघडले, तोवर रोवणीचा टाइम निघून गेलेला. पाण्याचा निदान करार तरी आहे, मजुरांचं सगळं मोबाईलवर ठरतं.

आमच्या ओळखीचा एक मुकादम आहे, टोळी आणणारा, जून संपता संपता फोन करतो, हालचाल विचारत नाही, पाऊस विचारत नाही, पहिला प्रश्न एकच, "भैया, नहर छूटी क्या?" नाही म्हटलं की टोळी दुसरीकडं निघून जाते.