विजेरीतला लिथियम सेल: दुरुस्ती कुठे थांबवावी

कोल्हापूर जिल्ह्यात शेतीपंपांची वीज बऱ्याचदा रात्रीच येते आणि उसाला पाणी पाजण्यासाठी, दारे धरण्यासाठी शिवारात निघालेल्या माणसाचा सारा भरवसा चार्जिंगच्या विजेरीवर असतो. ती ऐन पावसाळ्यात बंद पडली की खटपट घरीच सुरू होते आणि त्यात काही गैर नाही; मात्र कोणता बिघाड घरी काढावा आणि कुठे हात आवरावा, हे तिच्यातल्या सेलची रचना ठरवते.

अशा अनेक विजेऱ्यांत १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा गोल लिथियम-आयन सेल असतो. या मापांवरूनच त्याला १८६५० म्हणतात. तो पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३ व्होल्टच्या आसपास रिकामा समजला जातो, म्हणजे त्याचा सारा कारभार जेमतेम सव्वा व्होल्टाच्या पट्ट्यात चालतो. म्हणून किरकोळ वाटणारा गंजही महागात पडतो. स्प्रिंगवर हिरवट थर चढून तेथे अर्धा ओहम रोध वाढला आणि दिवा एक अँपिअर धारा घेत असला, तर अर्धा व्होल्ट त्या सांध्यातच वाया जातो, प्रकाश मंदावतो आणि दोष मात्र सेलच्या माथी येतो. सेल बाहेर काढून स्प्रिंग, झाकणाचे आटे आणि सेलची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून कोरडी करावीत. चार्जिंगचे छिद्र चिखलाने बुजले असेल तर ते लाकडी काडीने साफ करावे आणि दुसरी केबल लावून पाहावी. बऱ्याच विजेऱ्या एवढ्यावरच पुन्हा लागतात.

तरीही विजेरी लागली नाही, तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून सेल मोजावा. पूर्ण चार्जिंगनंतर ४.१ व्होल्ट दिसतात, पण दिवा लावताच आकडा झपाट्याने कोसळतो, अशा सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. तो म्हातारा झाला आहे. संरक्षक सर्किट नसलेला सेल २ व्होल्टच्याही खाली बराच काळ पडून राहिला असेल, तर प्रश्न अधिक गंभीर आहे. आतल्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे द्रावणात विरघळू लागते, पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी साचते आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते. असा सेल दुसऱ्या बॅटरीच्या तारा थेट जोडून जिवंत करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती कोणीही वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सेलच्या दोन ध्रुवांमध्ये अतिशय पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो. पॉलिथिलीनचा पडदा सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्याआधीच आतल्या रासायनिक विघटनातून उष्णता निघू लागलेली असते. ती उष्णता पुढच्या विघटनाला चालना देते, धन ध्रुवाच्या ऑक्साइडमधून प्राणवायू सुटतो आणि आतली आग बाहेरच्या हवेवाचूनही वाढत जाते.

हे किती वेगाने घडते, याचे दाखले लिथियम-आयन सेलवरच चालणाऱ्या ई-सिगारेटच्या अपघातांत सापडतात. भारतात २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवण यांवर बंदी आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने मात्र २००९ ते २०१६ या काळातल्या माध्यमांतील बातम्यांवरून आगीच्या आणि स्फोटाच्या १९५ घटना नोंदवल्या. तिच्यातल्या तापणाऱ्या तारेचा रोध ०.१५ ओहम असेल, तर ओहमच्या नियमाने ४.२ व्होल्टला २८ अँपिअर धारा वाहू पाहते, आणि एवढी धारा सोसण्यासाठी १८६५० मापाचे बरेचसे सेल बनवलेलेच नसतात. त्यात गोल सेल धातूच्या नळीत बंद असला, की साचलेला वायू नळीच्या कमकुवत टोकातून अग्निबाणासारखा सुटतो. विजेरीचा दिवा एवढी धारा घेत नाही, तरी पाणी शिरू नये म्हणून घट्ट बसवलेली तिची नळी याच जातीची आहे.

सेलचे पातळ प्लॅस्टिक आवरण फाटले असेल तर तेही दुर्लक्षू नये. सेलचा सगळा डबा ऋण ध्रुव असतो आणि वरच्या काठावर धन टोकापासून तो केवळ एका अरुंद चकतीने अलग राहतो. तेथे आवरण फाटले असता खिशातली किल्लीसुद्धा दोन्ही ध्रुव जोडून देते. नवा सेल घेताना छापील आकड्यावर विसंबू नये: या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या घरात असते, त्यामुळे ९९०० एमएएच छापलेला सेल नक्कीच खोटा. चांगल्या सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. फारच हलका लागला तर घेऊ नये.

चेपलेला, गळणारा, चार्जिंगला लावल्यावर हाताला चटका देणारा, किंवा २०१९ आणि २०२१ सारख्या महापुरात पाण्याखाली राहिलेला सेल पुन्हा चार्ज करू नये, मग तो मल्टिमीटरवर कितीही चांगला आकडा दाखवो. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी आणि तो घंटागाडीत न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावा, कारण कचरा दाबला जाताना असा सेल चिरडून पेट घेऊ शकतो आणि ती आग गाडीवरच्या कामगाराच्या अंगावर येते.