मेघगर्भ

मेघगर्भ : हिवाळ्यातील ढग, वारा, खळे, थंडी इ. लक्षणांवरून पुढच्या पावसाळ्यातील पर्जन्याचा दिवस व मान वर्तविण्याची प्राचीन भारतीय पद्धती. मार्गशीर्षापासून आकाशात पावसाचा गर्भ राहतो व साडेसहा महिन्यांनी तो प्रसवतो, ही तिच्यामागची कल्पना. वराहमिहिराच्या (इ. स. सहावे शतक) बृहत्संहितेतील एकविसावा अध्याय, ‘गर्भलक्षण’, हे तिचे सर्वांत सुसंगत विवेचन होय.

कल्पना मात्र वराहमिहिराहून जुनी आहे. तो स्वतःच गर्ग व इतर पूर्वाचार्यांचा हवाला देतो. कौटिलीय अर्थशास्त्रातही पर्जन्याच्या अनुमानासाठी ‘गर्भाधान’ हा शब्द येतो. त्या ग्रंथाचा काळ इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत वेगवेगळा धरला जातो. शिवाय हा शब्द तेथे बृहस्पतीच्या स्थान व गमन यांच्याबरोबर एकाच समासात असल्याने त्याचा अर्थ थेट मेघगर्भ असा करण्याविषयी दुमत संभवते. परंतु प्रकरण पर्जन्यमानाचे आहे, हे पाहता संबंध जोडणेच अधिक सयुक्तिक वाटते. (याच प्रकरणात अश्मक देशाला साडेतेरा द्रोण – द्रोण हे पाऊस मोजण्याचे माप – पाऊस सांगून अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, पाऊस ‘अमित’ म्हटला आहे.) वाल्मीकि रामायणाच्या किष्किंधाकांडात आकाशाने नऊ महिने धारण केलेला गर्भ वर्णिला आहे. ती कविकल्पना असली, तरी रूपक रूढ होते एवढे त्यावरून दिसते.

गर्भदिवस केव्हा सुरू होतात, याबद्दल मतभेद होते. कार्तिक शुक्ल पक्ष सरताच ते सुरू होतात, हे मत वराहमिहिर नोंदवतो आणि ते बहुमान्य नाही म्हणून बाजूला ठेवतो. मार्गशीर्ष शुक्ल प्रतिपदेपासून चंद्र पूर्वाषाढा नक्षत्री आला, की लक्षणे पाहू लागावीत, हा त्याने स्वीकारलेला पक्ष. गर्भ राहताना चंद्र ज्या नक्षत्री असेल, त्याच नक्षत्री तो पुन्हा असताना १९५ व्या दिवशी प्रसव होतो; शुक्ल पक्षातला गर्भ कृष्ण पक्षात, दिवसाचा रात्री, रात्रीचा दिवसा.

येथे मूळ श्लोकातील ‘दिन’ शब्दाचा अर्थ कळीचा ठरतो. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा सावन दिवस घेतला, तर १९५ दिवसांत चंद्राच्या सात नक्षत्रप्रदक्षिणा (सु. १९१·२५ दिवस) होऊन तो जवळजवळ पावणेचार नक्षत्रे पुढे जातो आणि ‘त्याच नक्षत्री’ हे विधान कोसळते. तिथी घेतल्यास १९५ तिथी म्हणजे सु. १९२ दिवस; चंद्र मूळ नक्षत्राच्या एका नक्षत्राच्या आतबाहेर राहतो, आणि १९५ तिथी बरोबर साडेसहा चांद्रमास होत असल्याने पक्षांची अदलाबदलही आपोआप जुळते. पौष कृष्णातील गर्भ श्रावण शुक्लात, माघ शुक्लातील श्रावण कृष्णात, ही ग्रंथातील कोष्टकवजा जुळणी अमान्त (अमावास्येला संपणाऱ्या) महिन्यांनी नेमकी बसते. तेव्हा तिथीचा अर्थ ग्राह्य धरावा.

लक्षणांत ढगांचे वर्णन विशेष बारकाईने केले आहे. मोती वा रुप्यासारखे पांढरे, अथवा तमाल, नीलकमल, काजळ यांच्या रंगाचे आणि जलचरांच्या आकाराचे ढग भरपूर पाण्याचे मानले आहेत. आकाश कावळ्याच्या अंड्याच्या रंगाचे आणि सुईसारख्या, वस्तऱ्यासारख्या व तांबूस ढगांनी युक्त असावे, असेही म्हटले आहे. सुईसारखे हे ढग म्हणजे आजच्या वर्गीकरणातील तंतुमेघ (उंचावरील पिसांसारखे विरळ ढग) असावेत. सूर्यचंद्रांभोवतीचे स्निग्ध, पांढरे खळे (परिवेष) तर उंचावरील तंतुस्तरमेघांतील हिमस्फटिकांतून प्रकाशाचे वक्रीभवन होऊन पडते. महिन्यांचे निकष निराळे आहेत : मार्गशीर्षात थंडी बेताची, पौषात हिमपात विपुल, माघात वारा जोराचा व सूर्यचंद्र धुक्याने मळकट असावेत. गर्भकाळीच अकारण एक अष्टमांश द्रोणाहून अधिक पाऊस पडला, तर गर्भ स्रवला (गळून गेला) असे समजतात. ५० पलांचा (पल हे जुने वजन) आढक व चार आढकांचा द्रोण या हिशेबाने ही मर्यादा २५ पलांची होते. मोजणी एक हात रुंदीच्या कुंडात करीत.

कृषिपराशर ह्या ग्रंथात वेगळी रीत आहे. पौष महिन्याचे अडीच-अडीच दिवसांचे बारा भाग पाडून प्रत्येक भागातील वाऱ्यावरून वर्षातील एकेका महिन्याचा पाऊस ठरवतात. तेथे उत्तर व पश्चिमेचा वारा पावसाचा, पूर्व व दक्षिणेचा अवर्षणाचा मानला आहे. वराहमिहिर मात्र उत्तर, ईशान्य व पूर्वेचा मंद, सुखद वारा शुभ मानतो. हा विरोध ग्रंथ वेगवेगळ्या प्रदेशांत रचले गेल्याने असावा.

वायव्य भारतात हिवाळ्यात पश्चिमी प्रक्षोभांबरोबर (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेबरोबर) तंतुमेघ, खळे व मागोमाग मध्यस्तरमेघ येतात; पण असल्या एका दिवसाच्या आभाळाचा साडेसहा महिन्यांनंतरच्या ठराविक दिवसाशी संबंध जोडणारी भौतिक प्रक्रिया वातावरणविज्ञानाला ज्ञात नाही. रोजच्या हवेचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. ऋतूच्या पातळीवर मात्र हिवाळा व मॉन्सून यांचे नाते शोधले गेले आहे : भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फ अधिक तर मॉन्सून क्षीण असे अनुमान मांडले आणि १८८६ साली त्या आधारे दीर्घावधीचा अधिकृत अंदाज प्रसिद्ध झाला. वराहमिहिराच्या पौषातील ‘अतिहिमपात’ या शुभलक्षणाच्या हे नेमके उलट आहे.

मराठी लोकपरंपरेत पर्जन्यविचार सहदेव-भाडळीच्या नावावर सांगितला जातो. पंचांगांच्या संवत्सरफलात आवर्त, संवर्त, पुष्कर, द्रोण ही मेघनामे व आढकांचे माप अजून छापले जाते. गर्भदिवसांची नोंद ठेवण्याची चाल त्यात राहिलेली नाही.