अवरुद्ध वायुमार्गासाठी संगणक पंख्याची निवड

संगणकाच्या कॅबिनेटमध्ये शिरणाऱ्या किंवा बाहेर पडणाऱ्या हवेला धूळगाळणी, छिद्रांचा पत्रा, रेडिएटर (द्रवाने वाहून आणलेली उष्णता हवेत सोडणारा भाग) किंवा हीटसिंकच्या (घटकाची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) दाटीवाटीने बसवलेल्या फिन, म्हणजे पातळ पत्र्या, यांतून वाट काढावी लागते, तेव्हा तो वायुमार्ग अवरुद्ध आहे असे म्हणतात. अशा मार्गासाठी पंखा निवडताना तो मोकळ्यावर किती हवा फेकतो हे पाहून भागत नाही. समोर अडथळा असताना तो हवा किती नेटाने ढकलतो, म्हणजे त्याचा स्थिर दाब किती, हेही पाहावे लागते. खोक्यावर हे दोन्ही आकडे छापलेले असतात आणि बहुतेक ग्राहक त्यांतला मोठा आकडा पाहून पंखा घेतात. प्रत्यक्षात हे आकडे पंख्याच्या क्षमतेच्या दोन टोकांना मोजलेले असतात आणि संगणकात बसवलेला पंखा त्या दोन टोकांपैकी कोठेही चालत नाही.

किती हवा लागते, याचा हिशोब सोपा आहे. घटकांतून निघणारी उष्णता हवा वाहून नेते. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम धरली, तर ३०० वॅट उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढू द्यायचे असल्यास तासाला जवळपास ९० घनमीटर हवा कॅबिनेटमधून जावी लागते. १२० मिलिमीटर आकाराच्या एखाद्या चांगल्या पंख्याच्या खोक्यावर एवढाच किंवा याहून मोठा आकडा असतो, त्यामुळे एक पंखा पुरेल असे वाटते. परंतु तो आकडा पंख्याच्या पुढेमागे काहीही नसताना, म्हणजे दाबातील फरक शून्य असताना मोजलेला असतो. याउलट कमाल स्थिर दाब हा हवेची वाट पूर्ण बंद असताना, म्हणजे प्रवाह शून्य असताना मोजतात. दाब मोजण्याचे प्रचलित एकक ‘मिलिमीटर पाणी’ हे असून असा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ९.८ पास्कल. चांगल्या पंख्याचा कमाल दाब दोन-अडीच मिलिमीटर, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार ते पाच हजारावा भाग एवढाच असतो. हा दाब इतका तुटपुंजा असल्यामुळेच एक साधी जाळीसुद्धा पंख्याला जड जाते.

पंख्याचा वक्र आणि मार्गाचा वक्र

या दोन टोकांच्या मध्ये पंख्याचा दाब-प्रवाह वक्र असतो : प्रवाह वाढत जातो तसा दाब उतरत जातो. वायुमार्गालाही स्वतःचा वक्र असतो, मात्र तो उलट दिशेने चढतो, कारण खळबळीच्या प्रवाहात मार्गातील दाबाची घट साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट हवा न्यायची तर जवळपास चौपट दाब लागतो. हे दोन वक्र जेथे एकमेकांना छेदतात तो कार्यबिंदू, आणि संगणकातून प्रत्यक्षात जाणारी हवा तेवढीच असते. पंखा बदलल्यावर एक वक्र बदलतो, जाळी बदलल्यावर दुसरा. निवडीचा सारा प्रश्न या छेदनबिंदूचा आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ या कंपनीचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे घेऊ. एनएफ-एस१२ए हा मोकळ्या प्रवाहासाठी बनवलेला असून मिनिटाला १,२०० फेरे असताना त्याचा प्रवाह तासाला १०७.५ घनमीटर आणि कमाल दाब १.१९ मिलिमीटर आहे. एनएफ-एफ१२ हा अडथळ्यासाठी बनवलेला असून १,५०० फेऱ्यांना त्याचा प्रवाह ९३.४ घनमीटर आणि दाब २.६१ मिलिमीटर आहे. नुसत्या प्रवाहाच्या आकड्यांवर पहिला सरस ठरतो. आता समजा, गाळणी आणि रेडिएटर मिळून तासाला ६० घनमीटर हवेसाठी १.५ मिलिमीटर दाब मागतात. सोयीसाठी दोन्ही पंख्यांचे वक्र सरळ रेषा धरल्या, तर पहिल्यातून सुमारे ४२ आणि दुसऱ्यातून सुमारे ५२ घनमीटर हवा जाते. खोक्यावरचा क्रम येथे उलटतो, आणि दोघेही आपल्या जाहीर आकड्याच्या बरेच खाली येतात.

येथे थांबले तर मात्र सारा फरक पात्यांच्या आकारामुळेच पडतो असा चुकीचा निष्कर्ष हाती लागेल, आणि हौशी संगणकप्रेमींमध्ये तो फार पसरलेला आहे. दुसरा पंखा अधिक वेगाने फिरतो आहे, हे या तुलनेत झाकले जाते. पंख्याच्या नियमांनुसार प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. दुसऱ्या पंख्याला १,२०० फेऱ्यांवर आणले, तर त्याचा प्रवाह सुमारे ७५ घनमीटर आणि दाब १.६७ मिलिमीटर होतो, आणि त्याच अडथळ्यातून तोही ४२ घनमीटरच हवा नेतो. अडथळा दुप्पट केला, तर तो पाचेक टक्क्यांनी पुढे जातो. याचा अर्थ असा की ‘दाबाचा पंखा’ म्हणून जो फरक विकला जातो, त्यातला मोठा वाटा पात्यांच्या आकाराचा नसून निव्वळ वेगाचा असू शकतो. वेगाची किंमत आवाजात मोजावी लागते : फेरे १,२०० वरून १,५०० केल्यास आवाज सुमारे ५ डेसिबेलने वाढावा असे रूढ सूत्र सांगते, आणि कंपनीने या दोन पंख्यांसाठी दिलेले १७.८ आणि २२.४ हे आकडे त्या अंदाजाशी चांगले जुळतात. म्हणून दोन पंख्यांची तुलना समान फेऱ्यांवर, किंवा त्याहून चांगले म्हणजे समान आवाजावर, केली तरच ती न्याय्य ठरते.

वरच्या गणितात एक गोष्ट सोडून दिली आहे. अक्षीय पंख्याचा खरा वक्र सरळ नसतो. मधल्या भागात त्याला एक खोलगट वळण असते. अडथळा वाढून कार्यबिंदू त्या वळणात सरकला की हवा पात्याच्या पाठीवरून सुटू लागते, दाब डळमळतो आणि पंखा घरघरल्यासारखा, खरखरीत आवाज करू लागतो. मोकळ्या प्रवाहासाठी बनवलेल्या, विरळ पात्यांच्या पंख्यांत ही अवस्था लवकर येण्याचा संभव असतो. अडथळ्यासाठी खास बनवलेल्या पंख्याचा खरा फायदा येथे दिसतो. म्हणून केवळ दोन टोकांचे आकडे देणाऱ्या उत्पादकापेक्षा संपूर्ण वक्र प्रसिद्ध करणाऱ्या उत्पादकाचा पंखा घेणे शहाणपणाचे आहे. पंख्यांची अशी मोजणी आयएसओ ५८०१ किंवा एएमसीए २१० या मानकांनुसार बनवलेल्या वायुकक्षात केली जाते.

रचनेतील खुणा

वक्र हाती नसेल तेव्हा पंख्याच्या बांधणीवरून बराच अंदाज करता येतो. रुंद पाती आणि त्यांच्यात कमी मोकळी जागा असेल तर हवा मागे निसटायला वाव कमी राहतो. पात्याचे टोक आणि चौकट यांच्यातील फट जितकी कमी, तितकी दाबाची गळती कमी. नॉक्टुआच्या एनएफ-ए१२x२५ या पंख्यात ही फट अर्ध्या मिलिमीटरवर आणण्यासाठी वेगळे, ताठ प्लॅस्टिक वापरावे लागले, कारण साधे प्लॅस्टिक उष्णतेने आणि सततच्या फिरण्याच्या ताणाने कालांतराने लांबते आणि चौकटीला घासू लागते. काही पंख्यांच्या बाहेर पडण्याच्या बाजूला स्थिर पट्ट्या असतात. पात्यांमुळे गोल फिरणाऱ्या हवेला त्या सरळ करतात आणि फिरण्यात वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग दाबाच्या रूपाने परत मिळवतात.

जाडीला यात मोठे महत्त्व आहे. २५ मिलिमीटर ही रूढ जाडी. १५ मिलिमीटरचे सडपातळ पंखे अरुंद कॅबिनेटमध्ये मावतात, पण अडथळ्यासमोर लवकर हार मानतात, तर ३० आणि ३८ मिलिमीटरच्या पंख्यांत पात्याला हवेवर काम करायला जास्त खोली मिळते. सर्व्हरमध्ये ही गोष्ट टोकाला जाते. तेथील एका खणाची उंची ४४.४५ मिलिमीटर असल्याने पंखा ४० मिलिमीटरचाच बसतो, आणि मग तो मिनिटाला दहा-पंधरा हजार किंवा त्याहून अधिक फेऱ्यांनी फिरवून, कधी उलट दिशेने फिरणाऱ्या दोन पंख्यांची जोडी एकापुढे एक लावून दाब मिळवला जातो. असा पंखा घरातल्या संगणकाला लावण्याचा मोह टाळावा; त्याचा आवाज माणसांच्या खोलीसाठी नसतो. लॅपटॉपमध्ये मात्र अक्षीय पंख्याऐवजी हवा मधून ओढून कडेने काटकोनात फेकणारा केंद्रोत्सारी पंखा वापरतात, कारण थोड्या जाडीत तोच पुरेसा दाब देऊ शकतो.

मांडणी

दोन पंखे एकमेकांशेजारी लावले तर मोकळ्या मार्गात प्रवाह दुप्पट होतो. एकापाठोपाठ एक लावले तर बंद मार्गात दाब दुप्पट होतो. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पंखे लावण्याची पद्धत या दुसऱ्या प्रकारातली आहे. इंचाला वीसहून अधिक फिन असलेल्या दाट रेडिएटरवर तिचा उपयोग जाणवतो. विरळ फिन असलेल्या रेडिएटरवर दुसरा पंखा बहुतेक शोभेपुरताच राहतो. रेडिएटर आणि पंख्याची चौकट यांच्यामध्ये फट राहिली, तर ढकललेली हवा सोप्या वाटेने मागे येते आणि पंखा तीच हवा पुन्हा ओढत राहतो. फोमची एक पातळ पट्टी लावून ही गळती थांबवणे हा सर्वांत स्वस्त उपाय असून त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

अडथळा पंख्याच्या पुढे आहे की मागे, यावरही आवाज अवलंबून असतो. हवा ओढण्याच्या बाजूला, पात्यांना अगदी खेटून जाळी असेल, तर जाळीच्या तारांमागे तयार होणाऱ्या भोवऱ्यांवर प्रत्येक पाते आपटते आणि एकाच स्वराची गुणगुण ऐकू येते. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर हा स्वर सेकंदाला १८० कंपनांचा असतो. जाळी आणि पंखा यांच्यात काही मिलिमीटरचे अंतर ठेवल्याने तो बराच मंदावतो.

पंखा बदलण्यापूर्वी अडथळाच कमी करता येईल का, हे पाहणे नेहमी योग्य. छिद्रांचे एकूण क्षेत्र निम्मे असेल तर त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग दुप्पट आणि दाबाची घट सुमारे चौपट होते. म्हणजे बारीक छिद्रांच्या पत्र्याऐवजी मोकळी तारेची जाळी लावल्याने जे साधते, ते महागड्या पंख्याने साधेलच असे नाही. याची परीक्षा घरी करता येते. संगणकावर ठरावीक भार द्यावा, पंख्याचे फेरे स्थिर ठेवावेत, तापमान स्थिरावल्यावर खोलीच्या तापमानाहून ते किती अंशांनी जास्त आहे ते नोंदवावे, आणि मग पुढचे आवरण व गाळणी काढून हीच नोंद पुन्हा घ्यावी. फरक एक-दोन अंशांचाच असेल, तर अडथळा ही अडचण नाही आणि दाबाचा पंखा घेऊन काही हाती लागणार नाही. फरक आठ-दहा अंशांचा असेल, तर गाळणी, आवरण आणि पंखा या क्रमाने विचार करावा. खोलीच्या तापमानाशी तुलना करणे येथे आवश्यक आहे : नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि हवेने थंड होणारा कोणताही घटक त्याहून थंड होऊ शकत नाही; म्हणून जानेवारीतील नोंद आणि मेमधील नोंद शेजारी ठेवून पंख्याचा निवाडा करता येत नाही.

धूळ हा काळानुसार वाढत जाणारा अडथळा आहे. वरच्या उदाहरणातील गाळणी धुळीने भरून मार्गाचा एकूण रोध दुप्पट झाला, तर १,२०० फेऱ्यांच्या पहिल्या पंख्याची हवा सुमारे ४२ वरून ३२ घनमीटरवर, म्हणजे जवळपास एक-चतुर्थांशाने घटते. १,५०० फेऱ्यांच्या दुसऱ्याची ५२ वरून ४२ वर, म्हणजे एक-पंचमांशाने घटते. दुसरा पंखा गाळणी तुंबल्यावर जेवढी हवा नेतो तेवढी पहिला ती स्वच्छ असताना नेतो. बांधकामाजवळच्या किंवा कच्च्या रस्त्यालगतच्या घरात अशी गाळणी काही आठवड्यांतच भरते. ती पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्यावरच परत लावावी. आणि पंखा हवेच्या झोताने साफ करताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती बेसुमार वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.