तंबोऱ्याचे हेलकावे आणि ‘कान नाही’ ही तक्रार

“गळा बरा आहे हो, पण त्याला कानच नाही.” ठाण्यात गाण्याच्या कुठल्याही क्लासबाहेर पालक बसलेले असतात तिथं पाच मिनिटं उभं राहा, हे वाक्य ऐकू येतंच. मुलगा सात वर्षांचा असतो आणि त्याचा निकाल लागून गेलेला असतो. सूर खरंच न कळणारे लोक असतात, त्याला अम्युझिया म्हणतात, पण ते फार थोडे. अंताक्षरीत शेजारच्याचं गाणं घसरलं की ज्याला हसू येतं त्याचा कान शाबूत आहे, फक्त नेमकं काय ऐकायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि ते परफेक्ट पिच (दुसऱ्या कशाशी न ताडता नुसता सूर ऐकून तो कुठला हे ओळखणं) वगैरे आपल्याकडे लागतच नाही, कारण आपला सा ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो, बाकी सगळं त्या साच्या हिशेबात.

आता नेमकं काय ऐकायचं? तर हेलकावे. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत टँकर आला की पाणी वर चढवायला दोन्ही पंप एकदम लावतात. एकटा पंप सरळ घूंऽऽ करतो. दोन्ही लागले की तोच आवाज मोठा-बारीक, मोठा-बारीक व्हायला लागतो, अगदी एका लयीत. वॉचमनचं म्हणणं व्होल्टेज कमी-जास्त होतंय. तसं काही होत नाही. मोटारी एकाच मापाच्या असल्या तरी अगदी सारख्या वेगानं फिरत नाहीत. समजा एक मिनिटाला २९१० फेरे मारते आणि दुसरी २८८०, म्हणजे सेकंदाला ४८.५ आणि ४८. फरक अर्ध्याचा, म्हणून दर दोन सेकंदांनी एक हेलकावा. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात आणि दोन मार्कांना विचारून सोडून देतात.

तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांचं, म्हणजे एकाच साला लावलेल्या मधल्या दोन तारांचं, हेच. हिशेब सोपा म्हणून सा २४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० कंपनांचा धरू (पेटीच्या काळी पाच पट्टीच्या जरासा वर). एक तार २४० वर आहे आणि दुसरी चढून २४२ वर गेलीय. सुरुवातीला दोन्हींच्या लाटा एकदम वर एकदम खाली, आवाज मोठा. पाव सेकंदानंतर पहिलीची ६० कंपनं झालीत आणि दुसरीची साडेसाठ, म्हणजे एक वर तेव्हा दुसरी खाली, एकमेकींना खाऊन टाकतात, आवाज बसतो. अर्ध्या सेकंदाला १२० आणि १२१, परत जमलं. म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे. तार जुळत आली की ते लांबत लांबत जातात आणि जुळली की थांबतात.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की इथं मेंदूला ‘हा सूर उंच की तो’ अशी तुलना करावीच लागत नाही. कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते, उलगडली तर साधारण ३५ मिलीमीटर, तिच्यातल्या पडद्यावर उंच सूर एका टोकाला आणि खालचे दुसऱ्या टोकाला थरथर उठवतात. २४० आणि २४२ इतके जवळ आहेत की पडद्याची तीच जागा दोघांनी हलते आणि तिथली थरथरच वाढते-घटते. मेंदूपर्यंत जाते ती सरळ ‘मोठा, बारीक, मोठा, बारीक’ अशी बातमी. हे नवशिक्यालाही कळतं. पाव हर्ट्झचा फरक एकामागून एक वाजवून दाखवला तर मुरलेल्या गवयालाही सांगता यायचा नाही, पण दोन्ही तारा एकदम वाजू दे, चार सेकंदांना एक हेलकावा, तो कुणालाही ऐकू येईल.

पुढचा भाग जरा गणिताचा आहे, पण खरी मजा तिथंच आहे. तार फक्त २४० देत नाही. ती सोबत ४८०, ७२०, ९६०, १२०० असे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट सूरही देते, ते उपस्वर. आता जोडीत पाव हर्ट्झची चूक असेल तर पाचव्या उपस्वरात ती पाचपट होते, म्हणजे सव्वा हर्ट्झ. खाली चार सेकंदांना एक हेलकावा, वर सेकंदाला सव्वा. उपस्वर म्हणजे चुकीवर धरलेलं भिंगच. आणि तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, मुद्दाम अशी सपाट-गोलसर घासलेली असते, वर जवारीचा दोरा, की तार घोडीला घासत घासत वाजते आणि हे वरचे सूर भरभरून येतात. तार बरोबर मध्यावर छेडली तर नियमाप्रमाणे दुप्पट, चौपट हे सम उपस्वर यायलाच नकोत, पण तंबोऱ्यात ते येतात. हे १९२१ मध्ये कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी मांडलं. म्हणजे तंबोरा नुसता मागं गुणगुणायला नाही, तो मोजमापाचं यंत्र आहे.

खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातल्या साची जाड तार, नीट लागला की गंधार आपोआप ऐकू येतो म्हणतात, तो चमत्कार नाही आणि साधनेचं फळही नाही. खर्ज १२०, पाचपट ६००, आणि ६०० म्हणजे आपल्या २४० च्या सा वरचा तार सप्तकातला गंधार. तारेतच असतो तो.

आता पेटी घ्या. बाजारातल्या बहुतेक पेट्यांत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे मधल्या सप्तकातला गंधार ३०० (त्या ६०० चा निम्मा) ऐवजी साधारण ३०२.४ वर बसतो. साचा पाचवा उपस्वर १२००, पेटीच्या गंधाराचा चौथा १२०९.५, म्हणजे सेकंदाला नऊ-साडेनऊ हेलकावे, ते मोजता येत नाहीत, नुसतं खरखरतं. पंचमात मात्र साचा तिसरा उपस्वर ७२० आणि पेटीच्या पंचमाचा दुसरा ७१९.२, सेकंदाला एकही धड नाही. म्हणून पेटीवर पंचम गोड आणि गंधार टोचतो. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती तीसेक वर्षं टिकली, त्यामागच्या कारणांत हे एक होतं (बंदी जरा अतीच होती हे माझं मत). आपल्या ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची (सप्तकात बारा ऐवजी बावीस सूक्ष्म सुरांची) पेटी केली ती याच दुखण्यावर.

हेलकाव्यांच्या नावावर दुकानंही चालतात. एका कानात एक सूर, दुसऱ्यात जरा वेगळा, ते बायनॉरल बीट्स, दहावीच्या परीक्षेआधी ‘स्मरणशक्ती वाढवणारे’ म्हणून फॉरवर्ड होतात. दोन कानांतला फरक मेंदू जोडतो हे खरं, पण तो हेलकावा फिकट असतो आणि त्यानं मार्क वाढतात याला भक्कम पुरावा नाही. वाद्यं जुळवायचा पाश्चात्त्य सूर ४४० हर्ट्झचा वाईट आणि ४३२ चा निसर्गाचा, हेही तसलंच. काळी पाचात गाणाऱ्या बाईंना त्या दोन्ही आकड्यांशी काय करायचंय? त्यापेक्षा विसर्जनाच्या डीजेसमोर पोरांना उभं करू नका. कानाच्या आतल्या, ती थरथर टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

करायचं काय तर सुरुवात गळ्यानं करूच नका. आवाज स्वतःच हलत असतो, हेलकावा कुठला आणि थरथर कुठली कळत नाही. आधी जोडीच्या दोन तारा, एकीखालचा सूर जुळवायचा मणी सरकवून मुद्दाम बिघडवा आणि परत आणा. तंबोरा नसेल तर फोनवर दोन टोन-जनरेटर चालतात. मग तंबोऱ्यावर हळू, सरळ ‘आ’ लावा, सा झाला की पंचम, मग गंधार. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला खर्ज झेपत नाही, साधा ब्लूटूथ स्पीकर जोडा. आणि हे सगळं ठेहरावाच्या सुरांपुरतं आहे, मींड घेताना किंवा तान मारताना हेलकावा ऐकू यायला वेळच नसतो, तिथं स्मरणावरच चालावं लागतं.