दूध न पचणं वेगळं, दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी

कोजागरीला आटवलेलं मसाला दूध दोन ग्लास रिचवायचं, रात्रभर पोटात गुडगुड, सकाळी दोन-तीनदा धावपळ, आणि ऑफिसात आल्यावर जाहीर करायचं: "मला ना, दुधाची अ‍ॅलर्जी आहे." नाही हो. तुम्हाला लॅक्टोज पचत नाही, एवढंच. आता यावर "शेवटी एकच ना ते?" असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. कारण असे दहा जण "अ‍ॅलर्जी आहे" म्हणतात आणि वर लग्नात श्रीखंडाच्या दोन वाट्या संपवतात. मग एखादी आई खरोखर अ‍ॅलर्जी असलेल्या पोराबद्दल सांगते, तेव्हा पंगतीतला वाढपी तिला म्हणतो, "अहो, एवढ्याशानं काय होतंय!"

लॅक्टोजचं प्रकरण बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून भराभर सांगतो. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती फोडायला लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. लहानपण सरलं की बऱ्याच जणांत ते कमी होत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, पाणी ओढून घेते, तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. पोटाला गुबारा धरतो, मुरडा येतो, जुलाब होतात. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांचं हे असंच आहे, त्यामुळे याला आजार म्हणणंही जिवावर येतं. गॅस्ट्रो होऊन गेल्यावर काही आठवडे दूध सोसत नाही तेही यातलंच. आतड्याचं अस्तर भरून आलं की बहुधा आपोआप सुधारतं.

अ‍ॅलर्जीत साखरेचा काही संबंधच नाही. तिथे भांडण दुधातल्या प्रथिनांशी, म्हणजे केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलीन वगैरे मंडळींशी असतं, आणि भांडणारी असते आपली प्रतिकारशक्ती. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, बहुधा दोनेक तासांच्या आत, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, खोकला किंवा घरघर सुरू होते. क्वचित रक्तदाब कोसळतो. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन आणि हॉस्पिटल, दुसरं काही नाही. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की "पित्त उठलं" म्हणून आमसुलाचं पाणी चोळतात. नुसत्या खाजेपुरतं ठीक आहे, पण दूध प्यायल्यावर गांधींबरोबर श्वास लागत असेल तर आमसूल शोधत बसू नका.

इथवर लोक माना डोलावतात. घोटाळा होतो तो पुढच्या प्रश्नावर: "थोडंसं चालेल का?"

लॅक्टोजवाल्याला चालतं. सगळा खेळ प्रमाणाचा आहे. साध्या दुधात साधारण पाच टक्के लॅक्टोज असतं, म्हणजे 250 मिलीच्या ग्लासात सुमारे 12 ग्रॅम. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी एवढं विशेष त्रासाशिवाय सोसतं, जेवणासोबत घेतलं तर आणखी सुखानं. पण दूध आटवून निम्मं केलं की लॅक्टोज दाट होतं. त्या कोजागरीच्या 200 मिलीच्या ग्लासात 20 ग्रॅमच्या आसपास जातं, आणि दोन ग्लास झाले तर हिशोब तुम्हीच करा. चहातलं दूध, एखादा पेढा, वाटीभर दही यांनी अशा माणसाचं सहसा काही बिघडत नाही. उलट सगळं बंद करून कॅल्शियम गमावण्यापेक्षा थोडं थोडं घेत राहणं बरं.

अ‍ॅलर्जीवाल्याला "थोडंसं" नसतं. पनीर ढवळलेला डाव नुसता पुसून वरणात बुडवला, तरी काहींना तेवढं पुरतं. आज नुसत्या गांधी आल्या म्हणून पुढच्या खेपेलाही तेवढ्यावरच भागेल, अशी हमी नाही. "हळूहळू सवय लावू या" हा आजी-काकूंचा सल्ला लॅक्टोजला बऱ्यापैकी लागू पडतो. अ‍ॅलर्जीत तो घरी करून बघणं म्हणजे आगीशी खेळ. तसली सवय लावण्याचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या नजरेखाली.

हाच फरक स्वयंपाकघरात पदार्थागणिक उलटासुलटा होतो, आणि तिथे भलेभले फसतात. दही घ्या. विरजणातले जीवाणू थोडं लॅक्टोज संपवतात आणि त्यांचं स्वतःचं एन्झाइम आतड्यात गेल्यावरही उरलेलं फोडायला मदत करतं, म्हणून दूध न सोसणाऱ्याला दही-ताक चालतं. प्रथिनं मात्र जागच्या जागी. चक्का टांगला की फडक्यातून जे पाणी गळतं त्यात लॅक्टोज विरघळून बरंचसं निघून जातं. फडक्यात उरतं ते मुख्यतः केसीन! म्हणजे श्रीखंड एकाला बऱ्यापैकी सोपं, दुसऱ्याला शुद्ध संकट. पनीरचीही तीच कथा. खरवसाचं तर विचारूच नका: चिकाच्या दुधात लॅक्टोज नेहमीपेक्षा कमी आणि प्रथिनं कितीतरी पट जास्त.

तूप जरा आडवळणाचं आहे. लोणी नीट कढवलं की लॅक्टोज आणि प्रथिनं दोन्ही तळाशी बेरीत जातात. वरचं तूप लॅक्टोजवाल्यानं डोळे मिटून खावं. पण गाळताना बेरीचे चार कण खाली उतरतातच, म्हणून अ‍ॅलर्जी असलेल्या घरात तुपाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. बेरीत साखर घालून चाटायला देणं तर नकोच.

आणि आता माझा सगळ्यात मोठा राग: "लॅक्टोज-फ्री" दुधाचा खोका आणून अ‍ॅलर्जीवाल्या मुलाला देणं. त्या दुधात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते (म्हणून ते किंचित गोड लागतं). प्रथिनं पूर्णच्या पूर्ण असतात. त्या मुलासाठी ते दूधच आहे, फक्त महाग.

तान्ह्या बाळांच्या बाबतीतही हाच गोंधळ. डबाबंद दूध सुरू केल्यावर बाळाला पुरळ आलं, उलट्या झाल्या, शीमध्ये रक्ताच्या रेषा दिसल्या, की कोणीतरी म्हणतं, "लॅक्टोज सोसत नसेल." अहो, आईच्या दुधात 100 मिलीमागे सुमारे 7 ग्रॅम लॅक्टोज असतं, गाईच्या दुधापेक्षा जास्त. ते पिऊन बाळ मजेत वाढत होतं ना? मग संशय प्रथिनांवर घ्यायला हवा. जन्मजात लॅक्टेजच नसणं अत्यंत दुर्मीळ आहे. अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाच्या आईला कधी कधी स्वतःच्या ताटातले दुधाचे पदार्थ बंद करायला सांगतात, कारण ती प्रथिनं थोड्या प्रमाणात अंगावरच्या दुधात उतरतात. आईनं दूध पिणं सोडलं म्हणून तिच्या दुधातलं लॅक्टोज काही कमी होत नाही. ते तिचं शरीर स्वतः बनवतं. तेव्हा ऐकीव सल्ल्यावर बाळाचं अंगावरचं दूध तोडू नका. यातली बरीच मुलं मोठी होता होता अ‍ॅलर्जीतून बाहेर पडतात.

ए-टू दूध, देशी गाय, शेळीचं दूध, म्हशीचं दूध: या यादीत दोघांसाठीही फारसं काही नाही. लॅक्टोज सगळ्यांत थोड्याफार फरकानं तेवढंच. ए-वन आणि ए-टू या दुधांत बीटा-केसीन या प्रथिनाच्या 209 अमिनो आम्लांपैकी 67व्या जागेवरच्या एकाचा फरक आहे. अ‍ॅलर्जीला तो पुरत नाही. शेळी-म्हशीची प्रथिनंही गाईच्या इतकी जवळची आहेत की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी बहुतेकांना तीही चालत नाहीत.

तपासण्याही वेगळ्या. लॅक्टोजचं पाणी प्यायला देऊन श्वासातला हायड्रोजन मोजतात तो पहिल्यासाठी. त्वचेवर टोचून पाहायची चाचणी, रक्तातलं आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि गरज पडली तर डॉक्टरांसमोर घोट-घोट पाजून बघणं हे दुसऱ्यासाठी. शंभर पदार्थांचं आयजीजी (हे वेगळ्या जातीचं प्रतिपिंड) तपासून रंगीत तक्ता हातात देणाऱ्या पॅकेजवर पैसे घालवू नका. तुम्ही तो पदार्थ खाता, एवढंच त्यातून कळतं.

पाकिटांवर लॅक्टोजवाल्यानं दूध पावडर किती आहे ते बघावं. अ‍ॅलर्जीवाल्यानं केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स यांपैकी एकही शब्द दिसला की पाकीट खाली ठेवावं. गोळ्यांमध्ये भर म्हणून लॅक्टोज घालतात, ते इतकं कमी असतं की पोट सहसा दखल घेत नाही. दम्याच्या कोरड्या पावडरच्या इनहेलरमध्येही लॅक्टोज असतं आणि त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर इनहेलर लिहून देताना डॉक्टरांना हे आधी सांगायचं.