मुलाम्यावरचे ठसे : इंग्लंडमधील चांदी-मुलाम्याच्या जुन्या भांड्यांवरील खुणांची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये घडलेली एखादी जुनी चहादाणी उलटी केली की तिच्या बुडाशी बहुधा चार-पाच बारीक ठसे एका ओळीत दिसतात. प्रत्येक ठसा छोट्याशा ढालीच्या चौकटीत असतो, अक्षरे जुन्या गॉथिक वळणाची असतात, शेजारी कधी मुकुट तर कधी सूर्य असतो. ही मांडणी पाहून भांडे अस्सल चांदीचे आहे असे वाटावे, हाच ठसे मारणाऱ्याचा हेतू होता. भिंगातून पाहिल्यावर मात्र ती अक्षरे ई, पी, एन, एस अशी निघतात आणि भांडे मुलाम्याचे असल्याचे कळते. खऱ्या हॉलमार्कशी एवढे साम्य का राखले गेले आणि ते नेमके कुठे थांबवावे लागले, हे समजले तर या खुणा वाचणे बरेच सोपे होते.

इंग्लंडमध्ये चांदीची तपासणी ही सरकारमान्य, स्वतंत्र बाब होती. कारागिराने वस्तू घडवली की ती तपासणी कार्यालयात पाठवायची, तिथे कस लागायचा, आणि शेकडा ९२.५ भाग चांदी असल्याची खात्री झाली की चालत्या सिंहाचा ठसा मारला जायचा. हा सिंह १५४४ पासून वापरात आहे. त्याच्यासोबत शहराची खूण, वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे असत. मुलाम्याच्या भांड्याला अशी परीक्षा कधीच द्यावी लागली नाही. त्यावरचा प्रत्येक ठसा हा बनवणाऱ्याचे स्वतःचे विधान असतो, कोणाचे प्रमाणपत्र नव्हे. म्हणून अशा भांड्यावरची खूण वाचताना ती कोणाची, या प्रश्नाच्या जोडीने ती कोणत्या काळी कायद्याने मुभा दिलेली होती, हाही प्रश्न विचारावा लागतो. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा अधिक उपयोगी पडते.

या कथेची सुरुवात शेफिल्ड या चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात होते. तिथला कारागीर थॉमस बोल्सओव्हर याला १७४३ च्या सुमारास असे आढळले की तांबे आणि चांदी योग्य तापमानाला एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि त्यानंतर ती जोडी कितीही लाटली तरी दोन्ही धातू सारख्याच प्रमाणात पसरतात. तांब्याच्या जाड विटेवर चांदीचा पत्रा ठेवायचा, दोन्ही लोखंडी तारेने आवळायचे, कडेला टाकणखार लावून भट्टीत घालायचे आणि चांदीची कड वितळू लागलेली दिसताच बाहेर काढायचे, अशी ती रीत होती. मग ती वीट लाटून पत्रा काढला जाई. बोल्सओव्हरने त्यातून मुख्यतः गुंड्या आणि लहान डब्या बनवल्या. जोसेफ हॅनकॉक याने पुढे हाच पत्रा मोठ्या भांड्यांसाठी वापरला आणि पाहता पाहता मेणबत्तीच्या बैठका, तबके, कॉफीची भांडी या पत्र्यातून घडू लागली. यालाच आज ‘ओल्ड शेफिल्ड प्लेट’ म्हणतात.

नवा माल चांदीसारखा दिसत होता आणि पुष्कळ स्वस्त होता. काही कारखानदारांनी त्यावर आपली आद्याक्षरे अशा चौकटींत आणि अशा ओळीने मारायला सुरुवात केली की दुरून पाहणाऱ्याला ती हॉलमार्कच वाटावी. लंडनच्या सोनारांना हे खपणे शक्य नव्हते. त्याच वेळी शेफिल्डचे कारागीर आणि बर्मिंगहॅमचा मोठा कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांना स्वतःच्या शहरात तपासणी कार्यालय हवे होते, कारण खरी चांदी तपासून घेण्यासाठी बोल्टनला माल दूर चेस्टरपर्यंत पाठवावा लागे आणि वाटेत त्याची मोडतोड होई. प्रकरण संसदेसमोर गेले. १७७३ च्या कायद्याने दोन्ही शहरांना कार्यालये मिळाली. शेफिल्डची खूण मुकुट ठरली आणि बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर. दोन्ही बाजूंची मंडळी लंडनच्या ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खाणावळीत भेटत, म्हणून या खुणा निवडल्या गेल्या, असे परंपरेने सांगितले जाते. पण त्याच कायद्याने मुलाम्याच्या मालावर अक्षरांचे ठसे मारण्यास मनाई केली. म्हणूनच १७७३ नंतरच्या दशकातील शेफिल्ड प्लेटवर सहसा कोणतीच खूण सापडत नाही. खूण नसणे ही इथे कालनिश्चितीची एक साक्ष ठरते.

ही पूर्ण बंदी चांगल्या कारखानदारांनाही जाचक होती, कारण निकृष्ट मालापासून आपला माल वेगळा दाखवण्याचे साधन त्यांच्या हाती उरले नव्हते. १७८४ मध्ये कायदा सैल झाला. शेफिल्डपासून १०० मैलांच्या आतील मुलामा-कारखानदारांना आपले आडनाव किंवा पेढीचे नाव आणि त्यासोबत एखादे चिन्ह मारण्याची परवानगी मिळाली. अट एवढीच होती की ते चिन्ह चांदीच्या अधिकृत खुणांसारखे नसावे आणि ते शेफिल्डच्या तपासणी कार्यालयात नोंदवलेले असावे. बर्मिंगहॅम या शंभर मैलांत येत असल्याने बोल्टननेही नोंदणी केली. त्याचे चिन्ह होते किरण फेकणारा सूर्य, आणि भांड्यांवर तो बहुधा जोडीने, म्हणजे दोन सूर्य शेजारी-शेजारी, मारलेला आढळतो. या नोंदी साधारण १८३६ पर्यंत चालू राहिल्या आणि आज जुन्या शेफिल्ड प्लेटच्या ओळखीचा सर्वांत भक्कम आधार त्याच आहेत. तरीही त्या काळातील पुष्कळ माल बिनठशाचाच राहिला. परवानगी होती, सक्ती नव्हती.

ठसा नसेल तर भांड्याची घडण बोलते. पत्र्याच्या कापलेल्या कडेला तांब्याची लाल रेघ दिसू नये म्हणून कारागीर तिच्यावर चांदीची तार बसवत किंवा पत्र्याची कड उलटी वळवत. कडेच्या खालच्या बाजूने नखाचे टोक फिरवले तर हा वळलेला पत्रा जाणवतो. घराण्याचे चिन्ह कोरण्यासाठी जागा हवी असेल तर पातळ पत्र्यावर कोरणे धोक्याचे, कारण खालचे तांबे उघडे पडायचे. म्हणून तिथे शुद्ध चांदीचा एक लहान तुकडा बेमालूम बसवला जाई. भांड्यावर तोंडाची वाफ सोडली की त्या तुकड्याची कड क्षणभर उमटते. या एका खुणेवर माझा कोणत्याही अस्पष्ट ठशापेक्षा अधिक विश्वास आहे.

१८४० मध्ये सगळे चित्र पालटले. बर्मिंगहॅमचे जॉर्ज रिचर्ड्स एल्किंग्टन आणि हेन्री एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले. त्यात जॉन राइट या शल्यवैद्याचा शोध निर्णायक होता, कारण पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणातून चांदीचा जाड, एकसारखा थर बसतो हे त्याने ओळखले होते. आता भांडे आधी पूर्ण घडवायचे, सांधे जोडायचे आणि मग द्रावणात बुडवून अख्ख्या भांड्यावर चांदी चढवायची, हे शक्य झाले. कडा लपवण्याची कसरत संपली. खालचा धातूही तांब्याऐवजी तांबे, निकेल आणि जस्त यांचा पांढरट मिश्रधातू झाला. तोच जर्मन सिल्व्हर या नावाने आपल्याकडच्या पूजेच्या ताटांमुळे परिचित आहे. त्यात चांदीचा अंशही नसतो. मात्र मुलामा झिजला तरी खालून लाल तांबे डोकावत नाही, हा त्याचा मोठा फायदा होता. दशकभरातच जुन्या पद्धतीचा धंदा जवळपास बसला.

‘ई.पी.एन.एस.’ ही चार अक्षरे याच पद्धतीची खूण आहेत : विजेने मुलामा दिलेले निकेल सिल्व्हर, म्हणजे वर सांगितलेला तोच पांढरट मिश्रधातू. ‘ई.पी.बी.एम.’ असेल तर खालचा धातू ब्रिटानिया मेटल, म्हणजे मुख्यतः कथील आणि त्यात थोडे अँटिमनी व तांबे. हा धातू मऊ असतो, त्याला पटकन पोचा पडतो आणि थोड्या उष्णतेनेही तो वितळतो. त्यामुळे अशा भांड्याची डागडुजी अवघड असते आणि किंमतही कमी येते. ‘ए १’ हे अक्षर-अंक मुलाम्याची प्रत सुचवतात, पण ती प्रत ठरवणारा कोणी तिऱ्हाईत नव्हता, हे लक्षात ठेवावे.

एल्किंग्टन पेढीचे ठसे अभ्यासकाला विशेष सुखावणारे आहेत. १८४२ ते १८६१ या काळात जोसाया मेसन भागीदार होता, तेव्हाच्या ठशांत एल्किंग्टनच्या ‘ई’ सोबत त्याचे ‘एम’ येते. शिवाय ही पेढी आधी अंकांनी आणि नंतर अक्षरांनी वर्षाची खूणही मारत असे. शेफिल्डच्या पेढ्यांनी चित्रचिन्हांवर भर दिला. वॉकर अँड हॉल यांची फडकती पताका आणि तिच्यात आद्याक्षरे, जेम्स डिक्सन अँड सन्स यांची झेंडा लावलेली तुतारी, ही सर्वांत वारंवार भेटणारी चिन्हे आहेत. मॅपिन ब्रदर्स यांचे चिन्ह सूर्य होते आणि तिथे गोंधळ होतो, कारण बोल्टनचाही सूर्यच होता. भांडे विजेच्या मुलाम्याचे असेल तर तो बोल्टनचा असू शकत नाही. आद्याक्षरांच्या शेवटी येणाऱ्या एकट्या ‘एस’ बाबतही सावध राहावे. तो ‘सन्स’चा असू शकतो, तसाच शेफिल्डचाही. चिन्हांवरील हक्क १८७५ च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर पक्का झाला आणि १ जानेवारी १८७६ पासून नोंदणी सुरू झाली.

काही भांड्यांवर एक चौकोन टोकावर उभा केलेला दिसतो. त्याच्या मध्यभागी ‘आर.डी.’ आणि चारही कोपऱ्यांत बारीक अक्षरे-अंक असतात. ही नक्षी किंवा आकार नोंदवल्याची सरकारी खूण असून ती १८४२ ते १८८३ या काळात वापरात होती. माथ्यावरच्या वर्तुळातील रोमन एक हा आकडा धातूच्या वस्तूंचा वर्ग सांगतो. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात असे, तर १८६८ पासून ते उजव्या कोपऱ्यात गेले. अक्षरांचा क्रम मुद्दाम विस्कळीत ठेवला होता आणि दुसऱ्या फेरीत तो पुन्हा वापरला गेला. त्यामुळे ‘एक्स’ वरच्या कोपऱ्यात असेल तर १८४२ आणि उजवीकडे असेल तर १८६८. ‘एच’ वर असेल तर १८४३ आणि उजवीकडे असेल तर १८६९. एकाच अक्षराने २६ वर्षांचा फरक पडतो, म्हणून अक्षरापेक्षा त्याची जागा आधी पाहावी. ही तारीख नक्षी नोंदवल्याची असते. भांडे त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेले असू शकते. १८८४ पासून या चौकोनाच्या जागी साधा नोंदणी क्रमांक आला.

मुकुटाची गोष्ट थोडी वेगळी आहे. शेफिल्डच्या चांदीची अधिकृत खूण असूनही मुलामा-कारखानदार तो आपल्या मालावर सर्रास मारत आणि एल्किंग्टनच्या ढालीवरही मुकुट आहे. खऱ्या चांदीशी गल्लत होते म्हणून तपासणी कार्यालयाने अखेर हरकत घेतली आणि १८९० च्या दशकाच्या शेवटी तो मुलाम्याच्या मालावरून हटला. ई.पी.एन.एस. सोबत मुकुट दिसला तर भांडे बहुधा त्याआधीचे. याउलट ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. ‘मेड इन इंग्लंड’ हे शब्द सहसा विसाव्या शतकातले. बुडाशी कोरलेले चार आकडी अंक मात्र वर्ष नसतात, ते नमुन्याचे क्रमांक असतात. अमेरिकेतील ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ या छापातील १८४७ देखील पेढीच्या नावाचा भाग आहे आणि तो छाप खूप नंतरच्या चमच्यांवरही आहे.

हा माल मुंबईत मोठ्या प्रमाणावर आला. रेल्वेची भोजनगृहे, जहाज कंपन्या, जिमखाने आणि पलटणींच्या मेस यांना टिकाऊ आणि दिसायला भारदस्त भांडी हवी होती. काळा घोडा परिसरात आजही उभ्या असलेल्या इमारतीतून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स विलायती माल विकत असे. त्यामुळे चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर जुनी भांडी पाहणाऱ्याच्या हाती तीन तऱ्हांची नावे पडतात : बनवणाऱ्याचे, विकणाऱ्या दुकानाचे आणि वापरणाऱ्या संस्थेचे. मोठ्या अक्षरांत कोरलेले नाव बहुधा शेवटच्या दोघांपैकी एकाचे असते. बनवणाऱ्याचा ठसा लहान असतो आणि तो बुडाशी, चमच्याच्या दांड्याच्या मागे किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला शोधावा लागतो. झाकण आणि भांडे यांवरचे ठसे व नमुना क्रमांक जुळतात का, हेही तिथेच तपासावे.

शेवटची अडचण पुन्हा दिलेल्या मुलाम्याची आहे. वापरून झिजलेली भांडी नव्याने चांदीच्या द्रावणात घालण्याची प्रथा इंग्लंडमध्येही होती आणि भारतातही होती. बोल्टनच्या काळातील अस्सल शेफिल्ड प्लेटवरही असा थर चढवलेला सापडतो. अशा वेळी ठशांच्या कडा बोथट होतात, खोलगट भागांत चांदी साचते आणि तांब्याची ती ओळखीची लाली पूर्ण झाकली जाते. जुना ठसा त्या थराखाली तसाच असतो, पण तो वाचायला तिरपा प्रकाश आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. घासून-पुसून तो ‘उठावदार’ करण्याचा प्रयत्न कोणी करू नये, कारण खालचा मूळ पत्रा एवढा पातळ असतो की चकाकीसोबत ठसाही निघून जातो.