उजेड कोणता, डाग कोणता

जेम्स वेब दुर्बिणीचं झळाळतं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते ज्यापासून तयार होतं ती कच्ची फाइल मात्र फारच कमी जणांच्या नजरेला पडते. तिच्यात आडवे पट्टे असतात, ठिकठिकाणी पांढरे ओरखडे असतात आणि मध्येच मेलेले पिक्सेल असतात. यातलं आकाशातून काय आलं आणि यंत्राने काय घातलं, हे एकेका पिक्सेलपाशी ठरवत जावं लागतं. अशी अनेक छायाचित्रं जोडून शेवटचं चित्र तयार होतं; पण तुकडे जोडण्यापेक्षा मला हेच काम मोठं वाटतं.

दुर्बिणीच्या निअरकॅम या कॅमेऱ्यात १० डिटेक्टर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपा, आहेत आणि प्रत्येकावर २०४८ गुणिले २०४८ पिक्सेल. साध्या कॅमेऱ्यासारखा हा कॅमेरा शेवटी एकदाच आकडा वाचत नाही. पिक्सेलमध्ये साठत जाणारा विद्युतभार तो न पुसता पुन्हा पुन्हा मोजतो. पूर्ण डिटेक्टरची एक फेरी साधारण १०.७ सेकंदांत होते. समजा, एका पिक्सेलच्या नोंदी अशा आल्या: १००, १२०, १४०, १६०, ९४०, ९६०, ९८०. शेवटचा आकडाच पाहिला तर तिथे चांगला तेजस्वी तारा आहे असं वाटेल. पण वाढ बघा. उडीच्या आधी दर फेरीला २० आणि उडीनंतरही २०. मधली उडी वैश्विक किरणाची, म्हणजे अवकाशातून येऊन पिक्सेलवर आदळलेल्या वेगवान कणाची. ती वगळायची, दोन्ही बाजूंचा चढ घ्यायचा, आणि पिक्सेल वाचला! मला ही युक्ती फार आवडते, कारण यात काहीही अंदाजाने भरलेलं नसतं.

पट्ट्यांचं प्रकरण इतकं सरळ नाही. डिटेक्टर ओळीमागून ओळ वाचला जात असताना इलेक्ट्रॉनिक्सची पातळी किंचित वरखाली होते, म्हणून ओळी कमीजास्त उजळ दिसतात. उपाय सोपा वाटतो: प्रत्येक ओळीचं मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा आणि वजा करा. मोकळ्या आकाशात हे छान जमतं. पण चौकटभर तेजोमेघ पसरला असेल, तर त्या मध्यकात मेघाचाच प्रकाश असतो. पट्टे जातात, त्यांच्याबरोबर मेघाचा अंधुक भागही जातो, आणि चित्र आधीपेक्षा सुंदर दिसत असल्यामुळे ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून उजळ भाग आधी झाकून घेतात. झाकून उरतंच काही नाही, अशा वेळी थोडे पट्टे राहू द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

मग जोडणी. एकाच भागाची छायाचित्रं दुर्बीण जरा जरा सरकवून घेतलेली असतात, त्यामुळे एका छायाचित्रात मेलेल्या पिक्सेलखाली गेलेली जागा दुसऱ्यात मोकळी मिळते. सगळी छायाचित्रं गाया उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या स्थानांवर बसवतात. तारे स्वतःही सरकत असतात, म्हणून ती स्थानं निरीक्षणाच्या तारखेला आणून घ्यावी लागतात. निअरकॅमच्या लघुतरंग डिटेक्टरांचा एक पिक्सेल आकाशात जेमतेम ०.०३१ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग); अर्ध्या पिक्सेलची चूकही ताऱ्यांना लांबट करते. शिवाय सूर्यमालेतल्या धुळीची अवरक्त चकाकी निरीक्षणाच्या तारखेनुसार बदलते, त्यामुळे शेजारच्या तुकड्यांची पार्श्वभूमी जुळवावी लागते.

शेवटी सगळे पिक्सेल एका नव्या, बारीक जाळीवर उतरवतात. ही पद्धत अँड्र्यू फ्रुक्टर आणि रिचर्ड हुक यांनी हबल डीप फील्ड या हबल दुर्बिणीच्या प्रसिद्ध चित्रासाठी घडवली; डिसेंबर १९९५ मधली ती ३४२ छायाचित्रं होती. प्रत्येक पिक्सेल आक्रसून त्याचा थेंब करायचा आणि तो जाळीच्या ज्या ज्या घरांवर पडेल त्यांना त्याचा वाटा द्यायचा. याने तपशील टिकतो. मात्र एकच थेंब शेजारच्या दोन-तीन घरांत वाटला गेल्यामुळे त्यांचा गोंगाटही, म्हणजे आकड्यांतला निव्वळ योगायोगाचा चढउतारही, एकमेकांशी बांधला जातो. चित्र गुळगुळीत दिसतं आणि घराघरांतला फरक मोजून काढलेली त्रुटी खऱ्यापेक्षा कमी भरते. हे न सुधारता मोजमाप केलं, तर निव्वळ गोंगाटाचा उंचवटा दूरची आकाशगंगा म्हणून नोंदला जाऊ शकतो.

म्हणून तयार मोझेकबरोबर, म्हणजे जोडून झालेल्या चित्राबरोबर, त्रुटींचा आणि वजनांचा (कोणत्या घरात किती माहिती पडली याचा) नकाशाही येतो. अगदी अंधुक ठिपका सापडला की आधी तो वजनांचा नकाशा उघडायचा आणि त्या जागेवर किती छायाचित्रं पडली होती ते पाहायचं. कडेला अनेकदा एकच असतं.